खाणारा मोजत नाही, घेणारा मोजतो

पत्र

ताई, नमस्कार. मी वेंगुर्ला तालुक्यात राहते. वय ३१. दहावीला ९४ टक्के घेऊन शाळेत पहिली आले होते. पेपरात फोटो आला होता, त्याचं कात्रण अजून माहेरच्या शोकेसमध्ये आहे. बीएस्सी झाले, दोनदा राज्यसेवेची पूर्वपरीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला थोडक्यात राहिले. मग लग्न झालं. सासरी काजूचं छोटं युनिट आहे, सासरे गेल्यापासून ते मीच बघते. नवरा गोव्यात नोकरीला, शनिवारी येतो. बी कापायचं काम बरंचसं मीच करते. हातमोजे घातले की वेग कमी होतो म्हणून घालत नाही, हात भाजलेलेच असतात. सोलायला तीन बायका येतात, मजुरी किलोवर. त्या गेल्या की रात्री बारा-एकपर्यंत मी सगळा माल पुन्हा निवडते. मुलगा तिसरीत आहे. त्याला वीसपैकी अठरा पडले की 'दोन कुठे गेले?' हे माझ्या तोंडून निघतंच.

सासूबाई म्हणतात, 'कित्याक इतक्या मरतंस? खाणारो काय मोजून खाता?' पण इतकं करूनही रात्री पाठ टेकली की वाटतं, हे काही आपलं बेस्ट नाही. वर्गात दुसरी यायची ती आज पुण्यात आयटीत आहे. ताई, प्रश्न एवढाच आहे, की आपण आपलं सर्वोत्तम दिलं हे माणसाला कळतं तरी कसं?

– एक काजूवाली

उत्तर

प्रिय काजूवाली,

वयाने लहान आहेस, म्हणून अगंतुगंच करते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. खाणारा मोजून खात नाही, पण घेणारा मोजूनच घेतो. डब्ल्यू ३२० ही ग्रेड म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. २४० म्हणजे २२० ते २४०, आणि १८० म्हणजे १७० ते १८०. आकडा जितका लहान, तितका गर मोठा आणि भाव चढा. तुझा अख्खा धंदाच मोजणीवर उभा आहे, त्यामुळे 'जाऊ दे गं, एवढं कशाला' असं मी तरी सांगणार नाही. हातात घेतलेलं काम नीट व्हावं असं वाटणं हा काही आजार नव्हे. उलट 'चालतंय' म्हणून पाकिटात चिकटलेल्या सालीसकट गर भरणारे बाजारात थोडे नाहीत, आणि ते पर्यटकाच्या गळ्यात मारून वर 'कोकणचा मेवा' म्हणणारेही.

पण या मोजणीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या पत्रात त्या एकमेकींत मिसळल्यात. एक आहे गराचा आकार, दुसरी त्याचं अख्खं असणं.

आकार झाडावरून येतो. वेंगुर्ला-७ या जातीची बी साधारण १० ग्रॅमची, तिचा गर सहज वरच्या ग्रेडला जातो. वेंगुर्ला-४ त्याहून लहान, पण तीही चांगली भरते. गावठी झाडाची बी छोटी, चवीला कितीही गोड असली तरी तिच्यातून १८० नंबर निघायचा नाही. तू रात्रभर जागलीस तरी ३२० चा २४० होणार नाही. शंभर किलो बीतून गर साधारण पंचवीस ते तीस किलोच निघणार, त्यातही बीच्या जातीचा वाटा मोठा.

अख्खेपण मात्र तुझ्या युनिटात ठरतं. बी किती वाफवली, वाफवल्यावर पुरती गार होऊ दिली की गरम असतानाच कटरला लावली, पातं कसं बसवलंय, ड्रायरमधून ट्रे कधी काढला. जास्त सुकला की गर ठिसूळ होतो आणि सोलताना त्याची पाकळी होते, म्हणजे दोन फाकी होतात. कमी सुकला की साल चिकटते, मग सुरीने खरवडायची आणि त्या खरवडण्यात टवका उडतो. नेमका सुकलेला गर अंगठा आणि बोटात धरून हलकेच चोळला की साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते. ती घटका पकडणं हे तुझं कौशल्य. तुझं 'बेस्ट' तिथे शोधायचं.

आता तुझी यादी याच नजरेने वाच. पुण्याची मैत्रीण, सासऱ्यांचं अचानक जाणं, नवऱ्याची गोव्यातली नोकरी, युनिटाचं लहान असणं, हे सगळं आकाराच्या रकान्यातलं आहे. मैत्रिणीबद्दल तर मी काहीच बोलणार नाही. तिचं पत्र आलं तर तिला उत्तर देईन, आणि तिच्याही पत्रात कुणीतरी अमेरिकेतलं असणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

यात दोष तुझा एकटीचा नाही. आपल्या कोकणाला पहिलं येण्याची सवयच लागलीय. २०२४ ला कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता आणि राज्यात पहिला होता. दरवर्षी निकालाच्या दुपारी तीच बातमी, त्याच पेढ्यांचे फोटो. चांगलंच आहे, मला अभिमान आहे. पण जिथे शंभरातली नव्याण्णव पोरं पास होतात तिथे पास होण्याला किंमत राहत नाही, मग सगळा जोर नंबरावर येतो. बोर्डाने गुणवत्ता यादी बंद केली त्याला कितीतरी वर्षं झाली. घराघरात मात्र ती अजून लागते. शाळेत असताना आपलं सर्वोत्तम म्हणजे काय हे दुसरं कुणीतरी मोजून, फळ्यावर लिहून देत होतं. सोळाव्या वर्षापर्यंत तुला ते आयतं मिळालं. आता फळा नाही, लिहिणारं कुणी नाही, म्हणून तुला वाटतं की आपलं बेस्टच कुठेतरी हरवलं. हरवलेलं नाही. ते मोजायचं काम आता तुझ्याकडे आलंय, आणि ते तू अजून हातात घेतलेलं नाहीस. तू नुसती राबते आहेस.

जीव तोडून केलेलं काम आणि उत्तम केलेलं काम यांत फरक असतो. रात्री एक वाजता, डोळ्यांवर झोप असताना, चाळीसच्या बल्बखाली निवडलेला माल सकाळी दहाला उजेडात निवडलेल्या मालापेक्षा चांगला निघतो असं तुला खरंच वाटतं? ते निवडणं मालासाठी नाही. 'मी आज कसूर केली नाही' असं स्वतःला पटवण्यासाठी आहे. थकवा हा पुरावा म्हणून वापरायची सवय आपल्या बायकांना घरोघरी लावलेली असते. सर्वांत उशिरा झोपेल ती सर्वांत चांगली सून.

तर मोजायचं कसं, ते सांगते. एक दोनशे पानी वही घे. ड्रायरच्या प्रत्येक घाण्याला एक ओळ. तारीख, बी कुठली, हवा कशी (कोरडी, दमट, पाऊस), ड्रायरमध्ये किती तास, काढल्यावर किती वेळाने सोलायला दिला, आणि शेवटी अख्खे किती किलो, पाकळी किती, तुकडा किती, कणी किती. एवढंच. शेरे नकोत, 'आज माझं चुकलं' वगैरे तर अजिबात नको. बीएस्सी झालेल्या मुलीला प्रयोगवही कशी ठेवायची हे मी काय शिकवणार! महिनाभरात ती वही काहीतरी बोलायला लागेल. कदाचित असं दिसेल, की तू ज्या बाईवर मनातल्या मनात चिडतेस तिच्या हातून तुकडा जास्त पडत नाही, तर सकाळचा घाणा संध्याकाळपर्यंत उघडा राहिला की पडतो. पावसाळ्यात तर हे फार. सुकवलेला गर दमट हवेत तासन् तास राहिला की ओल धरतो आणि साल पुन्हा चिकटते. मग उपाय रात्री जागणं नसून हवाबंद डबा हा आहे.

दुसरं म्हणजे सोलण्याची मजुरी. तू ती किलोवर देतेस. किलोवर पैसे मिळणारी बाई घाईच करणार, तिलाही घरी चूल आहे. तू दिवसभर घाईचे पैसे देतेस आणि रात्री घाई निस्तरत बसतेस. किलोचा दर आहे तो राहू दे, त्यावर अख्ख्या गराला थोडा वाढीव दर लाव. अख्खा आणि तुकडा यांच्या बाजारभावात जो फरक पडतो त्यातला एक हिस्सा त्यांना दिलास तरी तुझ्या पदरात आजच्यापेक्षा जास्त राहील. हिशेब वहीतून आपोआप निघेल. आणि सकाळचा पहिला तास त्यांच्यासोबत सोलायला बस. तू रात्री गुपचूप त्यांची चूक दुरुस्त करतेस, म्हणजे ती चूक त्यांना कधी कळतच नाही. माझ्या मते तुझ्या पत्रातली खरी कसूर असेल तर ती ही एकच आहे.

हातमोजे. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं हे तुला मी सांगायला नको, तू ते रोज सोसते आहेस. पण वेग कमी होतो म्हणून मोजे नाहीत, हे कारण मला मान्य नाही. मोजे घाल, आतून हातांना खोबरेल लाव, आणि दिवसाला दोन-चार किलो बी कमी काप. सालपटं निघालेल्या हातांनी खाण्याचा माल हाताळणं धंद्याच्या दृष्टीनेही बरं नाही. या मुद्द्यावर वाद नको.

आता तुझा मूळ प्रश्न. कळतं कसं?

मला वाटतं, दोन प्रकारची रुखरुख असते. एकीला नाव असतं. 'आज फोनवर बोलत बसले आणि ट्रे अर्धा तास जास्त राहिला.' 'मुंबईच्या गिऱ्हाइकाला शुक्रवारी पाठवते म्हटलं आणि पाठवलं नाही.' अशी रुखरुख लागली तर ती ऐकावी, उद्या दुरुस्त करावी आणि झोपावं. तिच्यावरून एवढंच कळतं, की आपलं चांगलं काम कसं दिसतं हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरीला नावच नसतं. 'मी यापेक्षा चांगली होते', 'काहीतरी राहतंय', 'हे बेस्ट नाही'. काय राहिलं म्हणून विचारलं तर उत्तर नाही. ही कामातून येत नाही, ती शोकेसमधल्या कात्रणातून येते, आणि तुझ्या पत्रात मला बरीचशी हीच दिसली. तेव्हा रात्री ती आली की तिला नाव विचारायचं. नाव सांगितलं तर वहीत एक ओळ. नाही सांगितलं तर दिवा मालव. ज्या दिवशी नाव असलेलं काही उरलं नाही, त्या दिवशी तू तुझं सर्वोत्तम दिलंस. ते इतकं साधं निघतं, म्हणून पुष्कळांना पटत नाही.

आणि ते रोज एवढंच निघणार नाही. मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हा सिंधुदुर्गात कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. त्या आठवड्यात ड्रायर असलेल्या माणसाने काय टक्केवारी काढावी? आहे तो माल भिजू न देणं, एवढंच त्या आठवड्यातलं उत्तम काम. पोर तापाने फणफणलंय, लाइट गेलीय आणि त्यातच बायका आल्या नाहीत, तर त्या दिवसाची ओळ कोरी ठेव. कोरी ओळही खरीच नोंद असते.

'काहीतरी मोठं करायचं होतं' ही खंत तू उघड लिहिली नाहीस, पण ओळींमधून ती ऐकू आली. म्हणून एक दाखला देते, थोरांचे दाखले द्यायची आम्हा सदरवाल्यांना खोडच असते. महामहोपाध्याय पां. वा. काणे. १८८० चा जन्म, चिपळूणकडचे, शाळा दापोलीत. पुढे मुंबईत हायकोर्टात वकिली. 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाची आवृत्ती तयार करताना त्यांनी ठरवलं, की प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा. तो थोडा इतिहास प्रस्तावनेत मावेना. त्याचा पहिला खंड १९३० ला आला, पाचवा पुरा झाला १९६२ ला, तेव्हा काणे ब्याऐंशीचे होते. पुढच्याच वर्षी भारतरत्न. मला यातलं भारतरत्न फारसं महत्त्वाचं वाटत नाही. एक प्रस्तावना लिहायची होती आणि ती वरवरची लिहायला मन घेईना, एवढ्याशा गोष्टीतून हे सुरू झालं, हे मला फार आवडतं. मोठं करायला ते बसलेच नव्हते. समोरचं काम नीट करायला बसले होते, आणि पोटासाठी वकिलीही चालूच होती. तुझ्या काजूगरांतून पाच खंड निघतील असं मी म्हणत नाही. पण मोठं काम वेगळ्या दारातून येतं आणि आपण चुकीच्या दारात उभे आहोत, ही तुझी समजूत तेवढी मला काढून टाकायचीय.

मुलाचं मात्र ताबडतोब बघ. तिसरीतल्या पोराला दोन मार्क कुठे गेले ते ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं, की अठरा आणले तरी आई हसत नाही. आणखी दोन वर्षांनी तो पेपर दाखवायचाच बंद करेल आणि तुला वाटेल तो लबाड झाला. 'दोन कुठे गेले' हे तोंडून निघतंच म्हणतेस. निघू दे, जीभ अशी एका दिवसात वळत नाही. पण त्यानंतर आणखी एक प्रश्न विचार. 'दिवाळीत तुला जमत नव्हतं आणि आता शिमग्याला जमतं, असं काय आहे रे?' कदाचित तो हातच्याची वजाबाकी सांगेल, कदाचित विहिरीत सूर मारायला जमतो म्हणेल. काहीही सांगू दे, ते ऐकून घे आणि त्याला शाबासकी दे. हाच प्रश्न नवऱ्याने शनिवारी तुला विचारला तरी चालेल. तोही बिचारा घरी येऊन तुझी मरमर बघतो आणि काय बोलावं ते न कळून बाजारहाट करून देतो, असा माझा आपला अंदाज.

राहता राहिली परीक्षा. तू लिहिलंस 'थोडक्यात राहिले' आणि लगेच 'मग लग्न झालं'. त्या दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी अडकून पडलंय. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय. पर्याय निवडायचे दिवस गेले, आता पानं भरून लिहावं लागतं, त्यामुळे माळ्यावरच्या तुझ्या जुन्या नोट्स मुख्य परीक्षेला फारशा कामाच्या नाहीत. जायचं असेल तर नव्याने, पूर्ण अभ्यासाने, आणि युनिटाची तेवढ्या काळाची काहीतरी सोय लावूनच जावं लागेल. नवरा आणि सासूबाई यांना समोर बसवून बोलावं लागेल. अधूनमधून, काजू निवडून झाल्यावर उरलेल्या वेळात ती परीक्षा होणार नाही.

तुला अधिकारी व्हायचंय, की तो फोटो पुन्हा पेपरात यायला हवाय, हे तुझं तूच ठरव. दोन्हीला माझी ना नाही, फक्त दुसऱ्यासाठी दोन-तीन वर्षं घालवणं महाग पडेल असं मला वाटतं. द्यायची ठरलं तर पहिली चौकशी कशाची करायची ते तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. नाही ठरलं तर माळ्यावरची पुस्तकं खाली काढ आणि गावातल्या, तालुक्यातल्या ज्या कुणा पोरीला लागतील तिला देऊन टाक, घरात ठेवू नकोस. जे काही असेल ते चवथीच्या आधी ठरव. एकदा गणपती घरात आले की तुला विसर्जनापर्यंत विचार करायला सवड मिळायची नाही, आणि त्यानंतर मुंबईकरांच्या काजूच्या ऑर्डरी.